खैरझरीचा ठसा

ओटीचे तांदूळ पुढे कुठे जातात, हे त्या शास्त्रज्ञांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ट्रक मोजले, गिरण्या मोजल्या, गोदामं, रेशनची दुकानं, आश्रमशाळांची स्वयंपाकघरं, सगळं नकाशावर मांडलं. धानाचा दाणा खळ्यावरून निघून कोणाच्या तरी ताटात पडेपर्यंत ज्या ज्या वाटेने जाऊ शकतो, ती प्रत्येक वाट त्यांच्या यंत्राला पाठ होती. बायकांच्या पदरातून जाणारी वाट तेवढी राहून गेली. राहणारच म्हणा. नकाशा काढणाऱ्यांत जिची ओटी भरली गेली आहे अशी बाई असेलही एखादी, पण सरकारी बैठकीत ओटीचा विषय कोण काढणार?

देवका टेंभरे सालेवाड्याच्या सरकारी धान्य गोदामाची व्यवस्थापक होती. गोंदिया जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यातला सगळा तांदूळ तिच्या हाताखालून जाई. बाई रोखठोक होती, हमालांशी हमालांच्या भाषेत आणि साहेबांशी साहेबांच्या भाषेत बोलणारी. नवरा अकाली गेल्यावर परीक्षा देऊन तिने ही नोकरी मिळवली, एकुलत्या एका मुलीला शिकवलं आणि जंगलपट्ट्यातल्या पांगरझरीला बऱ्या घरात दिलं. मैनाच्या सासरी गावचं रेशन दुकान होतं. देवकाच्या गोदामातून निघालेलं पोतं लेकीच्या दारात उतरायचं, याचं तिला मनातून फार सुख वाटे.

ठसा आला तेव्हा देवकाने त्याचं स्वागतच केलं होतं. त्याआधी या धंद्यात काय चालायचं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. गरिबाच्या नावाने निघालेला रेशनचा तांदूळ मागच्या दाराने गिरणीत परत यायचा, पॉलिश होऊन नवा म्हणून पुन्हा गोदामात शिरायचा. तोच तांदूळ तीनतीनदा सरकारला विकला जायचा आणि खाणाऱ्याच्या वाट्याला कण्या यायच्या. कागदावर सगळं चोख असे. तांदळाला बोलता येत नव्हतं, हाच सगळा घोटाळा होता.

मग तांदळाला बोलतं करायची युक्ती निघाली. मातीत एक साधा, निरुपद्रवी जिवाणू असतो. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती कवच घेऊन बीजाणू होऊन झोपतो. मग ऊन असो, उकळतं पाणी असो, तो कशाला दाद देत नाही. शास्त्रज्ञांनी या झोपलेल्या जिवाणूच्या डीएनएमध्ये एक छोटी ओळ लिहिली आणि तो पुन्हा जागा होऊन वाढू नये अशी सोय केली. प्रत्येक धान खरेदी केंद्राची ओळ वेगळी. केंद्रावर धान आलं की त्यावर या बीजाणूंचं धुकं फवारायचं. धान भरडलं, कोंडा उडाला, तांदूळ शिजला, तरी थोडे बीजाणू चिकटून राहतातच. हा झाला ठसा. तो ओळखायला तळहाताएवढं यंत्र होतं. त्यात चार दाणे टाकले की ते सापडलेल्या ओळीच्या कोट्यवधी नकला काढायचं आणि हा तांदूळ कुठल्या केंद्रावरचा ते सांगायचं. एक बीजाणू मिळाला तरी त्याला पुरे होत असे. लोकांनी त्या यंत्राचं नाव हुंग्या ठेवलं, आणि राज्यभरचे हुंगे ज्या मोठ्या यंत्रणेला जोडलेले होते तिला नुसतं साखळी म्हणू लागले. कुठल्या ट्रकने कुठे जायचं, कुठलं गोदाम कधी उघडायचं, हे सारं साखळी ठरवू लागली. पहिल्या वर्षातच चोऱ्या बंद झाल्या. पांगरझरीसारख्या गावात पहिल्यांदाच पूर्ण माप मिळालं.

देवकाचा धाकटा भाऊ हिवराज रहांगडाले खैरझरीच्या केंद्राचा प्रमुख होता. खैरझरी हे तिचं माहेर. फवारा मारायची बंदूक हाती आली तेव्हा हिवराजने तिची हळदकुंकू लावून पूजा केली आणि बहिणीला फोटो पाठवला. आता आपल्या गावच्या तांदळाला गावाचं नाव राहील, याचा त्याला कोण अभिमान.

त्या नावानेच घात केला. त्या हंगामात खैरझरीचं धान फार दिवस उघड्यावर, ताडपत्रीखाली पडून राहिलं, कारण साखळीच्या हिशेबात त्याला गिरणीची पाळी उशिरा होती. मध्येच अवकाळी भुरभुर झाली. ताडपत्रीखालच्या दमट उबेत काही पोत्यांना एक नवीनच बुरशी लागली. तांदळाचा रंग बदलला नाही, वासही आला नाही. पण त्यात विष धरलं. ते शिजवूनही जात नव्हतं. धडधाकट माणसाला त्याने काही होत नसे, फार तर मळमळ. लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या मात्र ते थेट यकृतात जाई. मार्चमध्ये पांगरझरीजवळच्या आश्रमशाळेत मुलं उलट्या करत आडवी झाली. त्यातली काही परत उठली नाहीत. गेलेल्यांत पांगरझरीची दोन होती.

ताटातल्या भातावर हुंग्या धरला, त्याने खैरझरी असं सांगितलं, आणि तासाभरात राज्यात जिथे जिथे खैरझरीचा तांदूळ होता तिथे कुलपं पडली. साखळीचं कौतुक झालं. देवकालाही वाटलं, की यंत्र नसतं तर आणखी किती पोरं गेली असती. भावासाठी तिचा जीव तुटत होता, तरी तिने ते कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

महिना उलटायच्या आत हुंगे भलत्याच ठिकाणी लाल होऊ लागले. खैरझरीचं एक पोतंही जिथे गेलं नव्हतं अशा दुकानांत, गिरण्यांत, घरच्या कणग्यांत खैरझरीचा ठसा निघायला लागला. साखळीने त्याचा एकच अर्थ लावला, तिला दुसरा शिकवलाच नव्हता. विषारी तांदूळ चोरून सगळीकडे पसरवला जातो आहे, असं म्हणून ती एकेक ठिकाण बंद करत सुटली.

पांगरझरीचं दुकान बंद झालं त्या सकाळी मैनाचा फोन आला. ती रडत नव्हती, त्यामुळेच देवका घाबरली. मैनाने सांगितलं की पथक आलं होतं, दुकानाला टाळं लागलं, घरच्या कणगीतही ठसा निघाला. गावात दोन मढी उठलेली. लोकांनी भीतीने आपापल्या घरचाही तांदूळ आणून खड्ड्यात ओतला आणि वर माती लोटली. कोणी म्हणालं, रेशनवाल्यांनीच खैरझरीचा स्वस्त माल घुसडला.

"माय, आमच्याकडे खैरझरीचं काय आलं असंन? एक दाना नाई आला," मैना म्हणाली. मग आठवून म्हणाली, "तुझी ओटी आली तेवढी."

देवकाला एकदम उमगलं. मैनाला सातवा लागला तेव्हा तिने लेकीची ओटी भरली होती, दरवर्षीप्रमाणे माहेरून आलेल्या चिन्नोर तांदळाने. तो तांदूळ चांगलाच होता, त्यात विष नव्हतं. तो केंद्रावर विकायला गेलेलाही नव्हता. पण हिवराज दिवसभर फवारा मारून त्याच कपड्यांनी घरी येई, त्याच हातांनी कणगीत हात घाली. मैना ओटी घेऊन निघाली तेव्हा रीतीप्रमाणे तिने ओटीतली चिमूट आईच्या घरात ठेवली. वाटेत मावशीकडे थांबली, तिथे पुन्हा ओटी, पुन्हा चिमूट. सासरी सासूने ओटीचे तांदूळ घरच्या कणगीत ओतले आणि कणगीतलं मापटं दुकानाच्या पोत्यात गेलं. जिल्ह्यात त्या मोसमात किती लेकी माहेरी आल्या असतील, किती लग्नांत किती हातांनी अक्षता टाकल्या असतील! खैरझरीच्या सोयऱ्यांना काय तोटा? बायकांनी शेकडो वर्षं चालवलेली ही तांदळाची ने-आण गावोगाव, घरोघर पोचत होती, आणि साखळीच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती.

तिने नागपूरला फोन लावला. ठसा ज्यांनी बनवला त्यांतले एक, डॉ. केळुस्कर, दुसऱ्या दिवशी स्वतः गोदामात आले. चाळिशीचा, झोप नसलेला माणूस. ओटीची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली, देवकाच्या घरातला चिमूटभर तांदूळ हुंग्यात टाकून पाहिला, आणि तिथेही खैरझरीच निघालं. देवकाने विचारलं, किंचित ठसा असेल तर सोडून दे, एवढंच यंत्राला सांगता येणार नाही का?

येईल, ते म्हणाले. पण मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि देवकाला ते नको असतानाही समजलं. खैरझरीची काही विषारी पोती कुलपं पडायच्या आधीच गिरणीत गेली होती आणि इतर धानात मिसळून भरडली गेली होती. त्या तांदळातही खैरझरीचा ठसा किंचितच असणार. ओटीतून आलेला किंचित आणि विषातून आलेला किंचित, हुंग्याला दोन्ही सारखेच. तो गाव ओळखतो, विष ओळखत नाही. विषाची परीक्षा वेगळी, प्रयोगशाळेतली, आणि तिथे नमुन्यांचे डोंगर साचले होते. जिल्ह्याची पाळी यायला पावसाळा उजाडला असता.

"मग लोकांनी तोवर काय खायचं?" देवका म्हणाली.

मुभा द्यायची तर कोणीतरी सही करायला हवी होती, आणि मेलेल्या मुलांनंतर राज्यात ती सही करणारा हात उरला नव्हता. केळुस्करांनी स्वतः अर्ज केला होता, तो वर जाऊन बसला होता. जाताना ते एवढं मात्र म्हणाले की ओटी भरणं थांबवायला सांगा. देवकाला त्यांचा राग आला, आणि मग तो राग कोणावर काढायचा तेच कळेना.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवायलाही नको. बाहेरून तांदूळ यावा तर ट्रकवाले जिल्ह्यात शिरेनात. आत आलेली गाडी बाहेर जाताना लाल निघायची आणि मालकाचा धंदा बसायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं ऊनही त्या वर्षी आग ओकत होतं. शहरांत पिठाची पाकिटं वाटली गेली, मोठ्या गावांना चार दिवसांआड काहीतरी मिळालं. जंगलपट्टा यादीच्या शेपटाला राहिला. तिकडचे लोक मोहफुलं उकडून खाऊ लागले, तेंदूफळांवर दिवस काढू लागले. फुलं संपली तेव्हा कंद खणायला लागले. आणि ठसा निघाल्यामुळे कुलूप पडलेल्या सालेवाड्याच्या गोदामात छतापर्यंत थप्प्या लागलेल्या. देवका रोज सकाळी त्या बंद दारांसमोर जाऊन उभी राहायची. आतून नव्या तांदळाचा वास यायचा. हमाल दारापाशी येऊन बसायचे.

खैरझरीच्या लोकांच्या हातचं तर कोणी पाणी पीत नव्हतं. ठरलेली लग्नं मोडली. माहेरी आलेल्या लेकींना सासरहून निरोप आले की इतक्यात येऊ नका. हिवराज एका दुपारी बहिणीकडे आला तो अर्ध्याने वाळलेला. तिने त्याला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, तुझी ओली पोती कुठल्या गिरणीत गेली, माझ्या कुठल्या थप्पीत ती असू शकतात?

"मले नाई सांगता येत, बाई," तो म्हणाला. "साखळीनं नेली. मी फक्त ठसा मारला."

ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि तो तेच सांगत राहिला. शेवटी तो हुंदके देऊन रडला. देवकाने त्याला जवळ घेतलं नाही. नंतर तिला त्याचं फार वाईट वाटलं, पण त्या क्षणी तिच्या मनात पांगरझरीखेरीज काही नव्हतं.

कारण मैना तिथून निघायला तयार नव्हती. देवकाने गाडी पाठवते म्हटलं, बाळंतपणाला माहेरी यायचंच असतं म्हटलं, आईची शपथ घातली. मैनाचं म्हणणं, आपल्या ओटीमुळे गावाचं दुकान बंद झालं, आता आपणच पोट घेऊन माहेरी पळालो तर सासरच्यांना गावात तोंड दाखवता येणार नाही. तिची सासू सायत्राबाई, एरवी शब्दाला महाग, पण ती आपल्या वाटचे कंद सुनेला देते हे मैनाने बोलता बोलता सांगितलं. त्यानंतरच्या फोनवर मैनाचा आवाज खोल गेला होता. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती की बाळ वाढत नाही, बाईच्या अंगात रक्त नाही, असंच चाललं तर दोघांचंही सांगता येत नाही. गावात एका तान्ह्या मुलाच्या आईला दूध सुटेनासं झालं होतं आणि ते मूल गेलं होतं.

त्या फोननंतर देवकाने केळुस्करांना विचारलं की डोळे मिटून एक थप्पी उचलली, तर त्यात विष निघण्याचा संभव किती? ते म्हणाले की ते आकडा सांगू शकत नाहीत. थोडा असेल, पण तो शून्य आहे असं म्हणणारा माणूस खोटं बोलत असेल. मग त्यांनी तिला हळूच विचारलं, "तुम्ही स्वतः खाल तो भात?"

"खाईन. आत्ता खाईन."

"तुम्ही खाऊन काही कळणार नाही, ताई. मोठ्यांना होत नाही त्याने काही."

देवकाने फोन ठेवला. ते तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

गोदामाच्या दारांना साखळीची कुलपं होती, ती माणसाच्या हाताने उघडत नसत. एकच सोय होती. आत आग लागली तर माल वाचावा म्हणून दारं आपोआप सताड उघडत. भर दुपारी देवकाने झरोक्याखाली जुना बारदाना रचला, वर ओलं गवत टाकलं आणि काडी लावली. धूर आत शिरला, घंटा ठणाणा वाजायला लागली, आणि दोन महिने मिटलेली दारं सरकली. हमालांना तिने आधी काही सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही. ज्या लांबच्या केंद्राच्या थप्पीत हुंग्याने खैरझरी सांगायला सगळ्यात जास्त वेळ लावला होता, म्हणजे ठसा सगळ्यात कमी होता, ती तिने हाताने दाखवली. ठसा कमी म्हणजे विष कमी असं नसतं हे तिला केळुस्करांनीच शिकवलं होतं. पण काहीतरी धरून उचलायचं तर तेवढंच हाती होतं. सलामभाई नावाचा तिचा जुना ट्रकवाला गाडी लावून उभाच होता. आपली नोकरी गेली आणि बहुधा तुरुंगही ठरला, हे देवकाला ट्रकच्या पायरीवर चढतानाच कळलं होतं.

पांगरझरीला पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. गाव ट्रकभोवती जमलं. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. पाटीवर गोदामाचं नाव वाचून एका म्हाताऱ्याने विचारलं की हा तांदूळ बरा आहे ना. त्याच्यामागे रैनाबाई मडावी उभी होती, जिचा थोरला आश्रमशाळेत दगावला होता. धाकटा तिच्या कडेवर होता. त्याचे केस तांबूस झाले होते आणि पोट पुढे आलं होतं.

खरं सांगितलं तर हे लोक खाणार नाहीत, आणि खाल्लं नाही तर उद्या-परवा आणखी कोणी जाईल. देवकाने एवढाच विचार केला.

"तपासून आनला," ती म्हणाली. "मी गोदामाची मॅनेजर होय. माह्या शब्दावर खा."

शाळेच्या पटांगणात चूल पेटली. मोठ्या गंजात आधण आलं, तांदूळ पडला. भाताच्या वासाने लहान मुलं चुलीभोवती येऊन बसली आणि त्यांच्या आया त्यांना मागे ओढेनात. मैना सासूच्या खांद्याला धरून आली. देवकाने लेकीला पाहिलं. तोंडावरची हाडं वर आलेली, अंगावर माणूस म्हणून एक पोटच उरलेलं. मैना आईकडे बघून हसली. ते हसू देवकाला सहन झालं नाही, ती वळून भात उपसायला लागली.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. आधी मुलं, मग बाया, मग बाप्ये, अशा पंगती धरायचं ठरलं; पण धीर कोणाला होता, सगळे एकदमच बसले. भातावर मीठ आणि चिंचेचं पाणी, बस. देवका घमेल्यातून ताटलीने वाढत निघाली. सगळ्यांना वाढून झाल्यावर एकदम जेवायचं असं सायत्राबाईने दटावून सांगितलं होतं, म्हणून मुलंसुद्धा भाताकडे बघत हात मांडीत धरून बसली होती. देवका भराभर वाढत होती. रैनाबाईच्या धाकट्याला तिने दोनदा वाढलं. तिचा हात कुठेही अडखळला नाही.

ओळीच्या शेवटी मैना बसली होती. तिच्या पत्रावळीशी देवका वाकली, ताटली भरली, आणि हात तिथेच थांबला.

तिने थांबवला नव्हता. ती हाताला सांगत होती की वाढ. पण गरोदर बायांच्या थेट यकृतात जातं, हे वाक्य तिच्या डोक्यात उभं राहिलं होतं आणि हात काही खाली जाईना. ताटलीतून वाफ वर येत होती. एक शीत ओघळून मैनाच्या पत्रावळीवर पडलं, ते देवकाने नकळत बोटाने उचलून घेतलं.

हे सगळ्या पंगतीने पाहिलं.

"ईनबाई," सायत्राबाई विहिणीला म्हणाली, "हात काहून थांबला?"

देवकाने तिच्याकडे पाहिलं. सायत्राबाईचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आमच्या लेकराईले वाढलं तुमी. आता आपल्या लेकीले वाढा."

देवका वाकलेली होती ती खाली बसली. घमेलं तिने बाजूला ठेवलं. "तपासला नाई," ती म्हणाली. "खोटं सांगतलं मी. तपासाले दिवस लागतात, तेवढे दिवस तुमच्यापाशी नाई. यात असंन, नसंन. मले माहीत नाई."

कोणी ओरडलं नाही. कोणी तिच्या अंगावर धावूनही आलं नाही. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. बाया आपापल्या पोरांच्या पुढ्यातल्या भाताकडे बघत राहिल्या. रैनाबाईने धाकट्याच्या समोरची पत्रावळ सर्रकन ओढून घेतली. ते पोर आधी आईकडे बघत राहिलं, मग त्याने तोंड उघडलं आणि आवाज न निघता नुसतंच रडायला लागलं. त्याच्यात आवाज काढायची ताकद नव्हती.

रैनाबाई पत्रावळ धरून बसली. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. मग तिने पत्रावळ परत पोराच्या पुढ्यात सरकवली, भाताचा गोळा केला, फुंकर घालून निववला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पोर गपागप गिळत होतं.

पंगतीतून एकेक हात भाताकडे गेला.

"माय," मैना म्हणाली, "मले वाढ."

देवकाने मान हलवली. तिला नाही म्हणायचं होतं. मैनाने आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून आईच्या पुढे धरली आणि तशीच धरून ठेवली. बाजूला सायत्राबाईने अजून आपल्या भाताला हात लावला नव्हता.

देवकाने घमेलं ओढून घेतलं, ताटली भरली आणि लेकीला वाढलं.